आई-बाबा, विमानाचं पक्कं ठरलंय

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

बाबा, रात्री पाठवलेली लिंक पाहिली. ती आपल्या सोलापूरच्या विमानतळाची साइट नाही. तुम्ही काही भरायच्या आधी मला विचारलंत, फार बरं वाटलं.

मुंबईची तिकिटं काढून झालीत, आता 'सिद्धेश्वर एक्सप्रेसनेच येतो' म्हणू नका. आईचे गुडघे रात्रभर गाडीत आखडतात आणि सकाळी दादरला उतरताना मागून लोक ढकलतात. मागच्या वेळी तिचा चेहरा पाहिला तेव्हाच मी ठरवलं होतं. पैशांचं मनात आणू नका, या वर्षी जमतंय. तुम्हाला न विचारता ठरवलं म्हणून राग आला असेल तर इथे आल्यावर रागवा.

आता त्या साइटचं. वर 'ऑफिशियल' लिहिलंय, पत्त्यात सोलापूरही आहे आणि एअरपोर्टही, शिवाय कुलपाचं चिन्ह. तुम्हाला खरी वाटली यात नवल नाही. पण मोकळं असलेलं नाव कोणीही थोड्या पैशांत घेऊ शकतं. आणि कुलूप म्हणजे फक्त तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कोणाला वाचता येत नाही. समोर कोण बसलंय ते त्यातून कळत नाही. गूगलवर सगळ्यात वर दिसली म्हणालात, तिथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' होतं का? ती जागा पैसे देऊन मिळते.

त्याच साइटवर सोलापूरची विमानसेवा विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीमुळे रखडली आहे असं अजून लिहिलंय! ती चिमणी 15 जून 2023 ला पाडली, तुम्हीच फोनवर सगळं सांगितलं होतंत. सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरला मुंबईचं. अशा सगळ्याच साइट फसवणाऱ्या असतात असं नाही. काही नुसत्या हॉटेल-टॅक्सीच्या जाहिरातींवर चालतात आणि तळाशी 'आमचा विमानतळाशी संबंध नाही' असं लिहूनही ठेवतात. पण त्यांच्या भरवशावर घर सोडायचं नाही.

मी शाळेत असताना सहलीचं पत्रक आलं की तुम्ही ऑफिसातून परस्पर शाळेत जायचात, बाईंना विचारायचात आणि मगच पैसे द्यायचात. मला तेव्हा लाज वाटायची, आता फार अभिमान वाटतो. इथेही तेच करायचं. आधी विमानतळ चालवतं कोण ते पाहायचं. होटगी रोडचं विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं आहे, त्यांचा पत्ता एएआय डॉट एअरो (aai.aero). तो स्वतः टाइप करायचा आणि तिथून सोलापूरच्या पानावर जायचं. शेवटचं 'डॉट एअरो' विमान क्षेत्रातल्या लोकांनाच मिळतं, तसंच 'जीओव्ही डॉट इन' फक्त सरकारी कार्यालयांना. मुंबईचं विमानतळ मात्र अदानी समूहाची कंपनी चालवते, तिथे सरकारी पत्ता शोधलात तर खरी साइटही खोटी वाटेल. म्हणून आधी मालक, मग पत्ता.

आणखी एक. पत्ता सुरुवातीच्या 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतच वाचायचा आणि त्या रेघेच्या लगेच आधीचं बघायचं. सुरुवातीला 'एएआय डॉट एअरो' असून पुढे 'डॉट अमुक डॉट कॉम' लागलं असेल, तर ती त्या अमुकची साइट.

व्हीलचेअरसाठी त्या लिंकमधल्या साइटवरच्या 'हेल्पलाइन'ला फोन करू नका. ते काम विमान कंपनीचं, मी त्यांना सांगून ठेवलंय. आई, संकोच करू नकोस, बसायचंच. इथे तुझ्यासाठी पुढच्या खोलीत पलंग लावलाय, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, गरम पाणी पहाटेपासून असतं. खालच्या बागेत बाबांच्या वयाचे बरेच जण सकाळी येतात, करमणार नाही असं होणार नाही. ज्वारीचं पीठही आणून ठेवलंय, तुझ्या हातची भाकरी मात्र तूच कर, गुडघे बरे असतील तरच.

आधार कार्डं आणि बीपीच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये, शेंगाची चटणी मोठ्या बॅगेत. घरातून लवकर निघायचं, आसरा चौकात रिक्षासाठी थांबत बसू नका, शेजारच्या काकांना आधी सांगा. वेळ बदलली असं कोणी कळवलं तर पीएनआर घेऊन विमान कंपनीच्याच साइटवर बघायचं. ओटीपी कोणालाही नाही, गोड बोलला तरी नाही. चुकून पैसे गेलेच तर घाबरायचं नाही, लपवायचं तर अजिबात नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन आणि मग मला. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

बाबा, ती लिंक तुमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली असेल तर आजच काढा आणि एएआयचा पत्ता टाका. त्यांच्यापैकी बरेच जण मुलांकडे विमानाने निघायच्या तयारीत आहेत.

तुमची,
मनू