सहलीच्या बैठकीत भाषेलाही पंधरा मिनिटे द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतील परदेश सहलींच्या जाहिराती वृत्तपत्रांत झळकू लागल्या की त्यांत ‘सोबत मराठी टूर लीडर, रोज भारतीय जेवण’ हे आश्वासन ठळक असते. त्यात गैर काही नाही. मात्र सहलीपूर्वीच्या बैठकीत चलन, सिमकार्ड आणि सामानाचे वजन यांवर तासभर चर्चा होते, तरी ज्या लोकांत आपण आठवडाभर वावरणार त्यांच्या भाषेतील चार शब्द सांगावेत, हे कोणालाही सुचत नाही.

अनेकांचा पहिला परदेश प्रवास थायलंडचा असतो. थाई भाषेत 5 सूर (आवाजाचे चढउतार, ज्यांनुसार शब्दाचा अर्थ बदलतो) असल्यामुळे आपला उच्चार चुकणारच, पण वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडले की बोलण्यात अदब येते. ‘जातो-जाते’ म्हणणाऱ्या आपल्याला हा भेद जड जाऊ नये. शाकाहारी मंडळींचे तर चार थाई शब्दांवाचून अडते. ‘व्हेज’ म्हटल्यावर मांस वगळले जाते, पण ‘नाम प्ला’ हा माशांचा खारट सॉस भाजीतही पडू शकतो, कारण तिथे तो मिठासारखा वापरतात. तो नको असल्यास ‘माय साय नाम प्ला’ म्हणावे. ‘किन चे’ म्हटले, तर मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या 9 दिवसांच्या शाकाहार उत्सवात असे पदार्थ विकणाऱ्या गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात. आपल्याकडील जैन प्रवाशांना ही माहिती किती उपयोगी पडेल!

फोनमध्ये भाषांतराचे ॲप असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. मेनू वाचायला ते उत्तमच. पण दुकानात शिरताना नमस्कारासाठी फोन पुढे धरणे विचित्र दिसते, आणि समोरच्याला कळले नाही म्हणून तेच इंग्रजी वाक्य आवाज चढवून पुन्हा म्हणणे तर त्याहून वाईट. मुंबईत मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी (मीही त्यांतलाच) बँकॉकमध्ये असे वागणे शोभत नाही.

सहल कंपन्यांनी बैठकीत यासाठी पंधरा मिनिटे राखावीत आणि दहा उपयोगी वाक्यांचे कार्ड द्यावे. ते देवनागरीत असावे, कारण क-ख, त-थ, प-फ हे थाईतील भेद आपल्या लिपीत सहज उतरतात, तर रोमन अक्षरांवरून ‘फुकेत’चा उच्चारही अनेक जण चुकवतात. शेजारी थाई लिपीतील मजकूर छापला, तर बोलणे फसल्यास कार्ड दाखवता येईल.

– एक वाचक, ठाणे