कोंबडखताचे तेल : आधी ओल आणि राख मोजा

महोदय,

कोंबड्यांच्या विष्ठेपासून ‘डिझेल’ काढून देणाऱ्या यंत्रांची भुरळ पोल्ट्रीवाल्यांना पडते. या यंत्रातून डिझेल निघत नाही. निघते ते काळे, धुरकट वासाचे जैवतेल, आणि त्यात पाणीही असते. भट्टीत, बॉयलरमध्ये ते जाळता येते. ट्रॅक्टरला घालू नये.

शेडमधली गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा, वाळवून ओल १० टक्क्यांच्या आत आणायची, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत दळायची आणि हवा बंद ठेवून सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वाळूत सोडायची. तिच्यातून निघणारी वाफ दोनेक सेकंदांत बाहेर काढून थंड केली नाही, तर तिचा गॅस होतो आणि तेल घटते. गादीचा जो कोळसा उरतो, त्याची वाफेबरोबर येणारी भुकटी सायक्लोनमध्ये, म्हणजे वाफ गरगर फिरवून भुकटी खाली पाडणाऱ्या नरसाळ्यात, आधीच वेगळी काढावी लागते. ती तेलात राहिली की साठवणीत तेल घट्ट होते, बर्नरचे नॉझल तुंबते. माल ढकलणाऱ्या स्क्रूला थंड पाण्याचे आवरण हवेच. नाहीतर विष्ठा तोंडाशीच मऊ होऊन चिकटते आणि स्क्रू जाम.

खरा घोळ ओलीचा. ब्रॉयलरच्या गादीत ३० टक्के ओल धरली, तर टनामागे २२० किलो पाणी उडवावे लागते. ते जमण्यासारखे आहे. पिंजऱ्याखालच्या ७५ टक्के ओलीच्या विष्ठेतून मात्र ७२० किलो पाणी काढल्यावर पावणेतीनशे किलो माल उरतो. त्याचे तेल शंभरेक किलो, आणि त्यातले बहुतेक वाळवण्यातच खर्ची पडते. उन्हात वाळवू म्हणावे, तर पावसाळ्यात काय करणार?

दुसरी गोष्ट राख. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या फॉस्टर अ‍ॅगब्लेवर यांच्या गटाला गादीचे वय आणि तिच्यातला भुसा यांनुसार वजनाच्या ३० ते ५० टक्के तेल मिळाले. तिकडे गादी लाकडाच्या भुशाची असते. आपल्याकडे बऱ्याच शेडमध्ये भाताचे तूस पसरतात. त्यात १५ ते २० टक्के राख, तीही बहुतांशी सिलिका. राखेचे तेल होत नाही, शिवाय विष्ठेतले पोटॅश वाफेतले तेल मोडून त्याचे पाणी आणि गॅस करते. उरलेला कोळसा जाळून उष्णता घ्यायची म्हटली, तर तेच पोटॅश वाळूशी मिळून गोळे धरते.

शिवाय तिकडची गरज वेगळी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात वाहून जाणाऱ्या फॉस्फरसमुळे तिथे खत शेतात टाकणेच अडचणीचे झाले आहे. आपल्याकडे कोंबडखताला गिऱ्हाईक आहे. यंत्रात घातल्यावर फॉस्फरस आणि पोटॅश कोळशात टिकतात, पण नत्राचा मोठा वाटा तेलात आणि गॅसमध्ये जातो. तेल जाळले की त्याच नत्राचे ऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतात, हे विक्रेते सांगत नाहीत.

म्हणून यंत्रासाठी इसार देण्याआधी आपल्याच शेडमधली गादी नेऊन चाचणी करून घ्यावी. त्यातले थोडे तेल महिनाभर बरणीत ठेवावे. ते दाट झाले किंवा त्याचे दोन थर झाले, तर ते बर्नरमध्ये कसे चालवायचे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

— जैवइंधन क्षेत्रातील दोन अभियंते, पुणे