मनूबद्दल आणि येणाऱ्या बाळाबद्दल

प्रिय निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू आणि श्रेयाने बाळाचा विचार पक्का केल्याचं आईकडून कळलं. फार आनंद झाला. सरळ मुद्द्यावर येतो. श्रेया अधूनमधून वाइन घेते, तू बिअर घेतोस, हे मला ठाऊक आहे आणि आजवर मी त्यावर चकार शब्द काढलेला नाही. आता काढतोय. बाळासाठी प्रयत्न सुरू कराल त्या दिवसापासून दोघांनीही दारू पूर्ण बंद करा.

'दिवस गेल्याचं कळलं की सोडू' असं म्हणू नका. पाळी चुकून चाचणी होईपर्यंत बाळाच्या मेंदूची घडण सुरू झालेली असते. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. त्याचं यकृत कच्चं, त्यामुळे ती लवकर निघून जात नाही, गर्भजलातही रेंगाळते. वाइन असो, बिअर असो की व्हिस्की, आत जातं ते अल्कोहोलच. 'एका ग्लासाने काय होतंय' म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण एवढी चालते, असं सुरक्षित प्रमाण अजून कुणालाही सांगता आलेलं नाही. आणि श्रेयाने सोडायची, तू तिच्यासमोर ग्लास भरायचा, हे मला मुळीच पटणार नाही. जोडीदार पीत असला की बाईला सोडणं जड जातं.

कळण्याआधी घेतली गेलीच, तर घाबरून लपवू नका. डॉक्टरांना सांगा आणि तिथेच थांबा. मेंदू पूर्ण नऊ महिने वाढत असतो, तेव्हा कधीही थांबलं तरी बाळाचा फायदाच आहे. रोज भरपूर पिणाऱ्या बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच सोडावी, एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. श्रेयाचा तो प्रश्न नाही, पण ओळखीत कुणाला गरज पडली तर सांगता येईल.

हे सगळं मी कुठून शिकलो, ते तुला माहीत आहे. मनूला आपण दत्तक घेतलं तेव्हा तिला काही आहे असं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरचा पातळ ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ, बारीक डोळे अशा खुणा तिच्यात नाहीत. चेहरा सुरुवातीच्या काही आठवड्यांत घडतो, त्यामुळे एफएएसडी (पोटात असताना आईच्या दारूमुळे बाळाला झालेली कायमची इजा) असलेल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. 1968 मध्ये फ्रान्सच्या पॉल लमॉयन यांनी दारूच्या आहारी गेलेल्या आईबापांच्या 127 मुलांबद्दल लिहिलं. 1973 मध्ये अमेरिकेत जोन्स आणि स्मिथ यांनी यातल्या सर्वांत गंभीर प्रकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. इतकी वर्षं झाली, तरी मनू शाळेत 'आळशी' आणि 'खोटारडी'च ठरत राहिली, याचा मला अजून संताप येतो.

ती खोटं बोलत नाही, निखिल. आठवणीत जिथे रिकामी जागा असते तिथे तिचं मन काहीतरी भरतं आणि तेच तिला खरं वाटतं. काल आलेलं गणित आज येत नाही, ते हट्टाने नव्हे. शिक्षेचाही उपयोग होत नाही, कारण केलेलं आणि भोगलेलं यांची सांगड तिला घालता येत नाही.

तू विचारलं होतंस, आमच्यानंतर तिला कसं सांभाळायचं. 'आवरून घे' म्हटलं की ती खोलीच्या मध्यात नुसती उभी राहते. 'दात घास' म्हण. ते झालं की 'केस विंचर'. मग 'बूट घाल'. एका वेळी एकच गोष्ट, दर वेळी त्याच शब्दांत. आरशाशेजारी क्रमाने लावलेली चित्रं आहेत, ती तुझ्याकडेही लाव. 'थोड्या वेळाने' हे तिला कळत नाही, घड्याळातला काटा दाखव. गोंगाटात फार वेळ ठेवू नकोस. पैसे एका दिवसापुरतेच हातात दे. गोड बोलणाऱ्या कुणावरही ती विश्वास टाकते, म्हणून फोनवर कोण बोलतंय याकडे लक्ष असू दे. वयाने सतरा असली तरी याबाबतीत ती दहाचीच आहे, आणि पुढेही कुणीतरी सोबत लागणारच.

मागच्या महिन्यात तिने विचारलं, "मला जन्म देणाऱ्या आईने असं का केलं?" मी म्हणालो, "तू पोटात आहेस हे तिला कदाचित कळलंच नसेल. कळलं असेल तर कदाचित सुटत नसेल, आणि मदतीला कुणी नसेल." ती पुन्हा विचारेल. तिच्यासमोर त्या बाईला कुणी नावं ठेवली तर तिथल्या तिथे थांबव. दोषाच्या भीतीने बायका डॉक्टरांनाही खरं सांगत नाहीत आणि मुलांचं निदान वर्षानुवर्षं रखडतं.

बाळ आल्यावर मनूला त्याच्यापासून लांब ठेवू नका. एकटीच्या भरवशावर मात्र सोडू नका. तिला एकच ठरलेलं काम द्या, रोज त्याच वेळी. कपड्यांच्या घड्या ती आपल्या सगळ्यांपेक्षा सुबक घालते, बाळाच्या दुपट्यांचं काम तिच्याकडेच असू दे.

तुझे,
बाबा