व्हीरॅमचा हिशेब मांडून दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. उघड लिहितोय, कारण गेम का अडखळतो या ज्या चक्रात मी महिनाभर फिरत होतो त्यात आज आणखी कुणीतरी फिरत असणार. तुमचं नाव लिहीत नाही. मित्राची थोरली बहीण, आणि गेमसाठी टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं, बनवणं हे तुमचं काम, एवढी ओळख पुरे.

तेव्हा ग्राफिक्स कार्ड नवंकोरं होतं, 8 जीबी मेमरीचं. कार्डाची ही स्वतःची मेमरी म्हणजेच व्हीरॅम. एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा आकडा 80च्या आसपास असायचा. तरीही गेममधल्या शहरात एका भागातून दुसऱ्या भागात शिरलं की चित्र गचकन थांबायचं, अर्ध्या सेकंदाने पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. ड्रायव्हर तीनदा काढून तीनदा टाकला. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदलली. विंडोज नव्याने टाकलं. शेवटी प्रोसेसरच कमी पडतोय असं मनाशी पक्कं केलं आणि नवा प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम अशी यादी तुम्हाला पाठवली. तुम्ही फक्त 'हो, घे' म्हणावं एवढीच अपेक्षा होती.

यादीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. विचारलंत, "सुरू केल्या केल्या अडखळतो, की थोड्या वेळाने?"

थोड्या वेळाने. पहिली पंधरा-वीस मिनिटं एकदम सुरळीत जायची. प्रोसेसर कमी पडत असता तर तो पहिल्या मिनिटालाही कमीच पडला असता, हे तुमचं बोलणं ऐकलं आणि महिनाभराचा माझा तर्क तिथेच कोसळला.

मग तुम्ही टास्क मॅनेजर उघडायला लावलात. ग्राफिक्स कार्डाच्या पानावर खाली दोन ओळी असतात, डेडिकेटेड जीपीयू मेमरी आणि शेअर्ड जीपीयू मेमरी. पहिली 7.7वर जाऊन थांबली होती. "तिच्याकडे नको बघूस," तुम्ही म्हणालात, "गेम मिळेल तेवढी जागा अडवून ठेवतातच. दुसरी बघ." दुसरी वाढत होती. दीड, दोन, अडीच जीबी. आणि ती वाढली की झटका यायचा, अगदी माझ्या डोळ्यांसमोर.

त्या रात्री तुम्ही जो हिशेब मांडलात तो कागद अजून माझ्याकडे आहे. कार्डाचा मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, 128 बिटचा, मेमरीच्या चिप प्रत्येक बिटमागे सेकंदाला 18 गिगाबिटच्या, म्हणजे सेकंदाला 288 जीबी. कार्डावरची जागा संपली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून तो पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेने आणावा लागतो. माझं कार्ड या वाटेच्या 8 लेन वापरणारं आणि मदरबोर्ड जुना, पीसीआय एक्स्प्रेस 3.0चा. म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 जीबी. 60 एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतून 4.8 जीबी हलू शकतात, आणि त्या अरुंद वाटेने 130 एमबीच्या आसपास. गचका का बसतो ते मला या दोन आकड्यांनी पटवलं. मेमरी भरत आली म्हणून गेम हळूहळू संथ होत नाही. जागा आहे तोवर काहीच जाणवत नाही, आणि ती संपली की एकदम कडा लागतो.

मग ती भिंत. गेममधल्या एका गल्लीत विटांची जुनी भिंत आहे, सांध्यांत शेवाळ धरलेलं. तिच्यासमोर तुम्ही मला नुसतं उभं केलंत. पाच-सहा सेकंद भिंत पुसट, विटा एकमेकींत विरघळल्यासारख्या, मग अचानक शेवाळाचा कण न् कण दिसायला लागला. मला तो गेममधला दोष वाटायचा. जागा नसली की काही गेम अडखळतात आणि काही टेक्स्चरची छोटी आवृत्ती लावून वेळ मारून नेतात, दुखणं एकच, हे तुम्ही सांगितलंत. आणि तुमच्या रोजच्या कामातला आकडा दिलात: 4096 बाय 4096चं एक टेक्स्चर कच्चं ठेवलं तर 64 एमबी, बीसी7 या टेक्स्चर दाबण्याच्या पद्धतीने दाबलं तर 16, दूरवरून दिसण्यासाठीच्या लहान प्रती धरून 21. भिंतीला असे थर निदान तीन: रंग, उठाव, खरखरीतपणा. एका भिंतीला 64 एमबी! तेच 2048चं केलं की बरोबर चौथाई. उलट 4केचं पूर्ण चित्र साठवायला सुमारे 33 एमबी लागतात. नुसत्या रिझोल्यूशनने मेमरी भरते हा माझा समज तिथेच गेला. रिझोल्यूशन वाढलं की मधले बफर, म्हणजे चित्र तयार होताना लागणारी तात्पुरती जागा, वाढतात, पण खरा भार टेक्स्चरसारख्या सामानाचा असतो.

बाकी एकही सेटिंग न हलवता टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणायला लावलंत, गेम बंद करून पुन्हा सुरू. सरासरी एफपीएस जवळपास तोच राहिला. झटके मात्र गेले. भिंतीपाशी परत गेलो, तर नाक लावून बघितल्याशिवाय फरक कळेना. माझा पडदा 1080पीचा, त्यात 20 लाख पिक्सेल, आणि त्या एका टेक्स्चरमध्ये 1 कोटी 67 लाख.

यानंतर मी लगेच उलट्या टोकाला गेलो. आता 16 जीबीचंच कार्ड घ्यायचं! तेव्हाही तुम्हीच थांबवलंत. 2023मध्ये आलेलं आरटीएक्स 4060 टीआय हे ग्राफिक्स कार्ड 8 आणि 16 जीबी अशा दोन रूपांत आहे, चिप तीच आणि बसही तोच. 8मध्ये मावणाऱ्या गेममध्ये दोघांत फरक जवळपास नाही. न मावणाऱ्यात जमीन-अस्मानाचा. आरटीएक्स 3060ला 12 जीबी आणि त्याच्याहून वेगवान 3070ला 8, हे कोडंही सुटलं: 3060च्या 192 बिटच्या बसवर मेमरीच्या 32 बिटच्या सहा चिप बसतात, एकेक चिप 1 किंवा 2 जीबीची, म्हणून एकतर 6 नाहीतर 12. जीबीचा आकडा वेग सांगत नाही, जागा सांगतो. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे गेम कन्सोल 2020च्या नोव्हेंबरात 16 जीबी सामायिक मेमरी घेऊन आले, तेव्हापासून गेम बनवणाऱ्यांचा हातही मोकळा झाला, हे तुम्ही आतल्या माणसाच्या अनुभवाने सांगितलंत.

तुमचं स्वतःचं काम त्या आठवड्यात अंगावर आलेलं होतं, हे मला नंतर मित्राकडून कळलं. तरी रात्री दीड तास तुम्ही माझ्यासारख्या ओळखीच्या ओळखीतल्या मुलासाठी दिलात, आणि एकदाही घाई केली नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. ती यादी मी दुसऱ्याच दिवशी पुसून टाकली.

फोन ठेवताना तुम्ही म्हणाला होतात, "जागा पुरत असेल तर टेक्स्चर कधी कमी करू नकोस, त्याने वेग वाढत नाही, आमची मेहनत मात्र वाया जाते." तुमचा नवा गेम आला की व्हीरॅम खाणारं बाकी सगळं थांबवीन: प्रकाशाचा खराखुरा हिशेब करणारं रे ट्रेसिंग बंद ठेवीन, मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालणारं फ्रेम जनरेशन बंद ठेवीन, मागे उघडा असलेला ब्राउझरही बंद करीन, आणि सुटलेली सगळी जागा तुमच्या भिंतींना देईन.

तुमच्या धाकट्या भावाचा मित्र