कुत्रा आधी सांगतो, ते मुलांना वाचायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्याने शाळकरी मुलाचा चावा घेतल्याच्या बातम्या आपल्या अंकात सतत येतात. नसबंदी रखडल्याचे त्यात असते, दवाखान्यात लस होती की नव्हती हेही असते. ते छापलेच पाहिजे. पण चावण्याच्या क्षणभर आधी तो कुत्रा काय करत होता, हे कुठेच वाचायला मिळत नाही. मी चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांना सगळ्यात आधी हेच शिकवायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस स्थानके यांच्या आवारातून मोकाट कुत्री हलवण्याचे आदेश दिले. आवारापुरते ते ठीक. पण आमची मुले केळीच्या बागांमधून, बांधाबांधाने चालत शाळेत येतात. त्या वाटेला फाटक नाही, आणि शेतराखणीची कुत्री तर कोणी हलवणारही नाही.

दुपारी खिचडी वाढून झाली की फाटकाबाहेर कुत्री जमतात. त्यातली एक पिवळी कुत्री मी मुलांना लांबूनच दाखवते. ती सांडलेले खात असताना कुणी जवळ सरकले की आधी भराभर गिळू लागते. मग मान खालीच ठेवून एकदम थांबते. तोंड हलत नाही, अंग ताठ होते, डोके न वळवता ती नुसते डोळे फिरवते आणि कडेचे पांढरे दिसू लागते. आवाज मात्र काहीच नाही. लहान मुलाला वाटते, गरीब आहे, हात लावू या. खरे तर ती ‘आता पुढे येऊ नकोस’ म्हणून बजावत असते. यानंतर गुरगुर येईल, नाहीतर थेट दात.

सगळ्यात जास्त घात शेपटी करते. ‘शेपटी हालाई ऱ्हायना, काही नही करस’ (शेपटी हलवतोय, काही करत नाही) असे मुले एकमेकांना बिनधास्त सांगतात. खुशीत आलेल्या कुत्र्याचे कमरेपासून मागचे सगळे अंग डुलते, तोंड सैल उघडे असते, कान मागे पडलेले असतात. पण शेपूट वर ताठ उभी आणि नुसते टोक झपाझप हलते आहे, वजन पुढच्या पायांवर, पाठीवरचे केस उभे, असे असेल तर तो कुत्रा भांडणाच्या तयारीत आहे. चिडलेल्या आणि लाडात आलेल्या कुत्र्याच्या अंगाची ठेवण कशी नेमकी उलट असते, हे डार्विनने १८७२ साली चित्रे छापून दाखवले होते. दीडशे वर्षांत ती ओळख आमच्या वर्गापर्यंत पोचलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

घाबरलेला कुत्राही तितकाच जपून हाताळावा लागतो. समोर खाणे नसताना तो ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, एक पाय उचलून धरतो. त्याला सुटायला वाट हवी असते. कोपऱ्यात गाठले तर शेपूट पायात घातलेला कुत्राही चावतो.

आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात घेऊनही एक गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की सगळीच कुत्री जीभ बाहेर काढून धापा टाकतात, त्यात भिण्यासारखे काही नाही. पण धापा टाकणारा कुत्रा तुम्हाला पाहून एकदम तोंड मिटून रोखून बघू लागला, तर जागीच थांबा. टाकीखालच्या ओलीत निजलेल्या कुत्र्याला ओलांडून तर मुळीच जाऊ नये.

पालकांनाही सांगणे आहे. घरचा कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला बडवू नका. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, राग सोडत नाही. मग तो न गुरगुरता चावतो. गुरगुरला की मूल बाजूला घ्या.

कुत्रा अंगावर आला तर पळू नये, ओरडू नये. हात अंगाशी धरून, नजर खाली ठेवून खांबासारखे उभे राहावे. पडलोच तर पोटाशी गुडघे घेऊन मान आणि कान हातांनी झाकावेत. हे आम्ही परिपाठानंतर मुलांकडून करून घेतो. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिखट-चुना लावू नये आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण आणि पशुसंवर्धन विभागांनी मिळून प्रत्येक शाळेत यावर एक तास घ्यावा. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन त्यासाठी सोयीचा आहे. आणि आपण मुलांच्या पानावर सैल कुत्रा, ताठ कुत्रा, घाबरलेला कुत्रा अशी मोठी चित्रे छापावीत. कात्रणे पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावण्याचे काम आम्ही शिक्षक करू.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. चोपडा, जि. जळगाव