पशुसखी ताई, तुमच्या त्या वजनकाट्यासाठी

ताई,
फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते.

सप्टेंबर २०२५ चा पाऊस आपला धाराशिवचा भूम-परांडा जन्मात विसरणार नाही. सोयाबीन शेंगांसकट कुजलं, बांध वाहून गेले, विहीर गाळानं भरली. पाहणीला आलेली मंडळी चिखलात पाय न घालता फोटो काढून परतली. माझ्याकडे उरल्या त्या माळावरच्या गोठ्यातल्या उस्मानाबादी शेळ्या आणि त्यांची करडं. ज्वारी-हरभऱ्याच्या बियाण्याला पैसा हवा, म्हणून दोन बोकड काढायचे ठरवले.

व्यापारी आला. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेला चिमटा घेतला आणि म्हणाला, "चौदा-पंधरा किलोच्या वर नाही." अडलेलं माणूस दिसलं की या लोकांची नजर अधू होते. मी हो म्हणायच्याच बेतात होते. तुम्ही पशुसखी, गावातल्या शेळ्या-जनावरांचं औषधपाणी बघणाऱ्या; जंताचं औषध पाजायला आलेल्या, सौद्याशी तुमचा काय संबंध? तरी पिशवीतून हुकाचा काटा काढलात, गोठ्याच्या आढ्याला अडकवलात आणि पोत्याच्या झोळीत बोकड बसवलात. तोंडातून शब्द नाही. काटा बावीसवर थांबला. दुसरा बोकड एकवीस भरला. व्यापाऱ्यानं आधी काट्याला नावं ठेवली, मग चहा मागितला आणि शेवटी मुकाट्यानं जिवंत वजनावर हिशोब केला. पेरणी वेळेत झाली, सावकाराचं तोंड बघावं लागलं नाही.

याआधी माझी गाभण शेळी अडली, तेव्हा ज्यांना फोन केला ते म्हणाले होते, "शेळीच आहे ना? सकाळी बघू." सकाळी बघायला काही उरलं नव्हतं. कर्जाला गेले तर म्हणे, म्हैस घ्या, मग बोलू. भाषणात शेळी गरिबाची गाय, आणि टेबलावर कागद गेला की ती जनावरांतसुद्धा मोजायची नाही! पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळं देते, शेवरी-सुबाभळीच्या पाल्यावर आणि तुरीच्या भुसकटावर भागवते, वर लेंडीखत देते. कोरडवाहू दोन एकरवाल्याला आणखी काय हवं? अडीनडीला एखादं करडू विकता येतं, म्हशीचा पाय थोडाच विकता येतो?

शिकलेली, पदावरची माणसं पुष्कळ पाहिली. पण स्वतःचं काही देणंघेणं नसताना दुसऱ्याच्या बाजूनं उभं राहणं फार थोड्यांना जमतं.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी वर्गणी काढून तसाच काटा आणलाय. व्यापारी दिसला की पोरं तो घ्यायला माझ्याकडे पळत येतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराच्या लसीला याल, तेव्हा जेवूनच जायचं. आणि काळी पाट, म्हणजे ती न व्यालेली तरणी शेळी, तुमच्यासाठी राखलीय, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
माळावरची मावशी