जिल्हा ग्रंथालयांतून चित्रीकरणाचे साहित्यही मिळावे

महोदय,

लघुपट करू पाहणाऱ्या तरुणांना ‘आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग अडते कुठे?’ असे सर्रास विचारले जाते. लातूरमधील हौशी नाट्यमंडळींतून लघुपटाकडे वळलेल्या मुलामुलींचे काम जवळून पाहिल्यावर, सर्वाधिक अडते ते आवाजापाशी, असे माझे ठाम मत झाले आहे. मोबाइलचा कॅमेरा दिवसाउजेडी पुरेसे चांगले चित्र देतो. परंतु त्याचा माइक कॅमेऱ्यापाशी असतो आणि बोलणारे पात्र दहा फुटांवर. अंतर दुप्पट झाले की पात्राचा थेट पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. पंखा, रस्त्यावरच्या गाड्या आणि शेजारचा टीव्ही मात्र तितक्याच जोराने ऐकू येत राहतात. संवादच नीट कळले नाहीत, तर अभिनय आणि कथा कितीही सकस असली तरी प्रेक्षक थांबत नाही. बूम माइक (लांब दांडीवरून पात्राजवळ धरायचा), दोन लेपल माइक (कपड्यांना लावायचे छोटे), रेकॉर्डर, हेडफोन, भक्कम ट्रायपॉड आणि दोन एलईडी दिवे एवढ्या साहित्याने हे चित्र पालटू शकते.

हे सारे मुंबईत अंधेरी-गोरेगाव परिसरात आणि पुण्यात भाड्याने मिळते. दिवसाचे भाडे ऐकताना फार वाटत नाही. मात्र ते बहुधा साहित्य दुकानातून निघाल्यापासून परत येईपर्यंत मोजले जात असल्याने, पुण्यापासून तीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या आमच्यासारख्यांना एका दिवसाच्या चित्रीकरणासाठी तीन दिवसांचे भाडे, शिवाय येण्याजाण्याचा खर्च सोसावा लागतो. त्यावर डिपॉझिट, ओळखपत्रे आणि अनेकदा या व्यवसायातील कुणाची तरी ओळख मागितली जाते; महागडा कॅमेरा घेतल्यास त्याच्यासोबत येणाऱ्या अटेंडंटचा मेहनताना, जेवण आणि मुक्काम भाडेकरूकडेच असतो. व्यावसायिक निर्मात्यासाठी या अटी रास्तच आहेत, कारण दुकानदाराची लाखोंची मालमत्ता अनोळखी हातांत जात असते. पदरमोड करून पहिला लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्या पेलवत नाहीत.

आमच्याकडे आजवर खरा आधार दिला तो लग्नाचे शूटिंग करणाऱ्या फोटो स्टुडिओवाल्यांनी. चातुर्मासात मुहूर्त नसतात, कॅमेरे आणि दिवे कपाटात पडून असतात, तेव्हा यांतील कित्येकांनी नाममात्र पैशांत, कधी नुसत्या विश्वासावर, साहित्य दिले आहे. त्यांचे ऋण मी आवर्जून नोंदवतो. तथापि ही सोय ओळखीवर आणि हंगामावर चालते. लग्नसराई सुरू झाली की ती संपते. शिवाय तालुक्याच्या गावाहून आलेल्या, शहरात कुणीही ओळखीचे नसलेल्या मुलीने ते साहित्य कुणाकडे मागायचे?

म्हणून माझी सूचना अशी की, शासकीय जिल्हा ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणेच चित्रीकरणाच्या साहित्याचा एक संच सभासदांना देण्यासाठी ठेवावा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. सभासदत्व, अनामत, परतीची तारीख, विलंब शुल्क या साऱ्या पद्धती ग्रंथालयांत मुरलेल्या असून नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. वर उल्लेखिलेले साहित्य आणि लेन्स बदलता येणारा एक साधा मिररलेस कॅमेरा धरून माझ्या अंदाजाने दीड ते दोन लाख रुपये लागतील, आणि जिल्हा नियोजन समितीला ही रक्कम जड जाऊ नये. अमेरिकेतील अनेक शहरांत केबल कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्काच्या आधारे रहिवाशांना स्वतःचे टीव्ही कार्यक्रम करता यावेत यासाठी सामुदायिक केंद्रे चालतात आणि तेथे छोटे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या रहिवाशाला कॅमेरा वापरायला मिळतो. या व्यवस्थेला तेथील १९८४ च्या केबल कायद्याचा आधार आहे. प्रशिक्षणाची अट आपणही जरूर घालावी.

दर्जेदार मराठी चित्रपटांना शासन अर्थसाहाय्य देते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ते पूर्ण झालेल्या चित्रपटाला मिळते. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले, आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवल्यावरच त्यांना पुढचे भांडवल मिळाले. म्हणजे साधन आधी हाती आले, मग पुरावा आणि त्यानंतर पैसा. आजच्या नवख्याला पुरावा मागितला जातो, पण तो तयार करण्याचे साधन त्याला कुठेच मिळत नाही.

मोडतोडीची भीती रास्त आहे. त्यासाठी विमा, देताना-घेताना दोघांच्या सह्यांची साहित्ययादी आणि दुरुस्तीची स्वतंत्र तरतूद हवी. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, त्यामुळे आर्द्रता नियंत्रित ठेवणारे कपाट पहिल्याच खरेदीत असावे. देखभालीसाठी स्थानिक स्टुडिओचालकांपैकी एखाद्याला मानधन देऊन महिन्यातून एकदा तपासणी करून घेता येईल. मराठवाड्यातील एखाद्या जिल्ह्यात हा प्रयोग वर्षभर करून पाहावा आणि साहित्य किती जणांनी, कोणत्या तालुक्यांतून नेले याची नोंद प्रसिद्ध करावी, अशी ग्रंथालय संचालनालयाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

— एक वाचक, लातूर